चार ते चार वीस

१

माझी बायको बस डेपोत कंट्रोलर आहे. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार, तिच्यावर कोण जाणार, किती वाजता सुटणार, हे सगळं तिच्या काचेच्या केबिनमधून ठरतं. चोवीस वर्षांत तिनं एकही गाडी वेळेआधी सोडलेली नाही, आणि उशिरा सोडली तर शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहिल्याशिवाय पेन खाली ठेवलेलं नाही. डेपोत तिला सगळे घड्याळबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तिला ते आवडतं.

मी त्याच डेपोच्या वर्कशॉपमध्ये हेडमिस्त्री आहे. माझं काम हातापेक्षा कानाचं. गाडी चालू करा, पंप कुरकुरतोय की बेअरिंग गेलंय ते मी बॉनेट न उघडता सांगतो. प्रत्येक आवाजाला कारण असतं आणि ते कारण पान्यानं आवळता येतं, या भरवशावर माझी तीस वर्षं नोकरी झाली. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना मला कोणी भोळसट समजू नये.

दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमोचे आठ डोस झाले, पंचवीस दिवस रेडिएशन झालं. त्या सगळ्यात ती एकदाही रडली नाही. उलटी थांबली की सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवायची आणि पुढच्या खेपेला नर्सला सांगायची, "मागच्यापेक्षा चाळीस मिनिटं लवकर सुरू झाल्या." नर्ससुद्धा तिला वचकून असायच्या.

शेवटच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "झालं. आता चार महिन्यांनी तपासणीला या." आमची लेक दुसऱ्या गावी नोकरीला असते, तिनं फोनवरच आनंदानं रडून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर बायको बेसिनशी उभी राहून काखेत बोटं दाबून बघत होती. दात घासायच्या आधी एकदा, घासून झाल्यावर पुन्हा एकदा.

मग ते वाढतच गेलं. काखेत, मानेत, गळ्याच्या हाडाशी. खोकला आला की आजार फुप्फुसात गेला, कंबर दुखली की हाडात गेला. "परत आला असेल का हो?" दिवसातून चाळीस वेळा हा प्रश्न, आणि चाळीस वेळा माझं "काही नाही गं." जिच्या एका हाकेला अख्खा डेपो जागचा हलायचा, ती कामावर परत जायला तयार होईना. "केबिनमध्ये बसून मी काखच चाचपत बसेन. माझ्या हातून एखादी गाडी चुकीची सुटली तर?" म्हणायची. रजा संपत आली होती. ती पुन्हा त्या केबिनमध्ये बसणार की घरात अशीच झिजणार, एवढा एकच प्रश्न आमच्या घरात उरला होता.

२

हॉस्पिटलमध्ये एक समुपदेशक बाई होत्या. शांत, जाड चष्म्याच्या. त्या म्हणाल्या, "काळजीला येऊ नको म्हटलं तर ती ऐकत नाही. तिला वेळ द्या. दिवसातली वीस मिनिटं, जागा ठरलेली, वेळ ठरलेली. एरवी आली तर सांगायचं, आत्ता नाही, वेळेवर ये."

दुसरं कोणी असतं तर मान डोलावून घरी आलं असतं. माझ्या बायकोला त्यात वेळापत्रक दिसलं. घरी आल्या आल्या तिनं लेकीची मागची खोली रिकामी केली. तिथे एकच खिडकी, समोर शेजाऱ्यांची भिंत आणि त्यांची कपड्यांची दोरी. तिनं खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या. एक लाकडी, हातांची, ती स्वतःला. दुसरी वेताची.

"ती कोणाला?" मी विचारलं.

"वेळ दिली तर बसायला नको द्यायला?"

एका वहीत तिनं डेपोसारखे रकाने आखले. दिनांक, आगमन, निर्गमन, शेरा, सही. वेळ ठरली दुपारी चार ते चार वीस.

पहिले काही दिवस ती घामाघूम होऊन बाहेर यायची. पण तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी दाढी करत होतो आणि ती स्वयंपाकघरात एकटीच होती. भांड्यांचा आवाज थांबला. मला वाटलं, गेला हात काखेत. तेवढ्यात तिचा केबिनमधला आवाज ऐकू आला. "आत्ता नाही. चारला." आणि भांडी पुन्हा वाजू लागली.

मी आरशासमोर अर्ध्या गालाला फेस घेऊन उभा राहिलो. काय बाई आहे ही, असं वाटलं. आमच्याकडे भलेभले ड्रायव्हर तिच्यासमोर आवाज चढवून बघतात आणि खाली मान घालून फलाटाकडे जातात. तीच वागणूक ती आता या काळजीला देत होती. महिन्याभरात दिवसाच्या चाळीस प्रश्नांचे चार झाले. तिनं डेपोत फोन करून सांगितलं की तपासणी झाली की पुढच्या सोमवारी मी हजर होते.

३

माझी सकाळपाळी असली की मी तीनला घरी येतो. चार वाजता ती मागच्या खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची. मी बाहेर पेपर वाचत बसायचो.

एकदा दार लागल्यावर खुर्ची करकरली. मी पेपर उलटला. मग माझ्या लक्षात आलं की लाकडी खुर्ची करकरत नाही. तिचे सांधे मीच गेल्या वर्षी पक्के केले होते. करकरतो तो वेत.

उन्हानं वेत सुकतो आणि आपोआप वाजतो, हे मला माहीत आहे. मी पुढे वाचू लागलो. चार वीसला तिचा आवाज आला, "वेळ झाली. निघा." वेत पुन्हा करकरला. पहिला आवाज दबका होता, वजन पडल्याचा. दुसरा मोकळा, वजन उठल्याचा. हा फरक मला झोपेतही कळेल.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेल्यावर मी खुर्ची उलटी करून तपासली. वेत ओल्या फडक्यानं पुसला, एक पाय हलत होता त्याला पाचर मारली. माझी अवजारांची पेटी, वजन अकरा किलो, त्यावर ठेवून पाहिली. अजिबात वाजली नाही. मग मी स्वतः बसलो. वाजली. म्हणजे तिला वाजायला माणसाचं वजन लागत होतं.

त्या दिवशी चारला पुन्हा तेच दोन आवाज आले. ती बाहेर पडून चहा ठेवायला गेली तसा मी आत शिरलो. वेताच्या बैठकीवर तळहात ठेवला. तो कोमट होता. ऊन त्या खोलीत सकाळी येतं. मी लाकडी खुर्चीलाही हात लावून पाहिला, ती तितकीच कोमट होती, बायको नुकतीच उठून गेली होती तिथून.

खुर्ची बदलून बसली असेल, मी मनात म्हटलं. दहा मिनिटं इथे, दहा मिनिटं तिथे. एवढं सोपं उत्तर असताना आपण घाबरतोय याची मला लाज वाटली.

४

चहा पिताना मी सहज विचारल्यासारखं केलं, "तू आत खुर्ची बदलतेस का गं मधे?"

"कंट्रोलर जागा सोडतो का कधी?"

"नाही, वेताची वाजते म्हणून."

तिनं कप खाली ठेवला. केस तेव्हा बोटभर वाढले होते, त्यावरून तिनं हात फिरवला. "ऐकू येतं ना तुम्हालाही? बरं झालं. मला वाटायचं मला एकटीलाच."

"काय असतं आत?"

"मी नीट बघत नाही. गुडघ्यांपर्यंत बघते, वर नाही. ती रोज तेच विचारते. मी उत्तर देत नाही. ऐकून घेते, वहीत लिहिते, चार वीसला निघा म्हणते. आणि ती निघते हो. कुरकुरत का होईना, पण निघते."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणून तर वही ठेवली." ती हसली. "अहो, दिवसभर घरभर फिरायची ती. बेसिनशी, गादीत, जेवताना मागे उभी. त्यापेक्षा समोर बसलेली बरी. तुम्ही मात्र पाना घेऊन आत जाऊ नका."

दुसऱ्या कोणी हे सांगितलं असतं तर मी त्याला डॉक्टरकडे नेलं असतं. पण ती हे चहा पिता पिता सांगत होती. मी मनात ठरवलं की औषधांनी माणसाला भास होतात, आणि ते भास ही बाई शिस्तीत चालवते आहे. मला आलेल्या आवाजाचं काय करायचं, ते मात्र ठरेना.

५

तपासणी गुरुवारी दुपारी होती. सोबत लेक जाणार होती, त्यासाठी रजा घेऊन आली होती. मला बायकोनं घरी बसवलं. मागच्या वेळी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये मला घेरी आली होती आणि पेशंटला सोडून नर्सेस माझ्याच मागे लागल्या होत्या. "तुम्ही आलात की मला तुमचा चेहरा सांभाळत बसावं लागतं," ती म्हणाली. खरं होतं ते.

पावणेचारला मी मागच्या खोलीत डोकावलो. वही उघडी होती. सकाळी तिनं सवयीनं तारीख घातली होती, पुढची ओळ कोरी.

आता डेपोबाहेरच्या माणसाला हे कळणार नाही. आमच्याकडे कोरी ओळ ठेवत नाहीत. कोणी येऊ शकलं नाही तर बदली माणूस बसतो, सही करतो, ड्यूटी पुढे चालू राहते. चोवीस वर्षांत तिच्या नावावर एक कोरी ओळ नाही, आणि आज ती मशीनखाली झोपलेली असताना माझ्यासमोर पडावी, हे मला बघवेना. वाटलं, तिच्यासाठी एवढं तरी करावं. मी लाकडी खुर्चीत बसलो. चार वाजले तसं आगमनाच्या रकान्यात चार लिहिलं, शेऱ्यात "बदली" लिहिलं आणि सही ठोकली.

वेत करकरला.

मी वहीवरून नजर उचलली नाही. कारण शोधायला लागलो. पाचर सैल झाली असेल. शेजारी कोणी काही सरकवलं असेल. मग श्वास ऐकू आला. मी स्वतःचा श्वास रोखून धरला, तर तो थांबला. थोडा उशिरा थांबला. मी सोडला, तोही सुटला, पुन्हा थोडा मागून. गाडीचं एक सिलिंडर मागे पडलं की होतं तसं.

कोणी काही बोललं नाही. पण गाठ निघाल्यापासून जो प्रश्न मी डोक्यात येऊ दिला नव्हता, तो तिथे सरळ येऊन बसला. ती मेली तर तू काय करणार? सकाळी उठून तू कोणाला हाक मारणार? संध्याकाळी कुलूप काढून कुठल्या घरात शिरणार? तिच्यासमोर मी कायम "काही नाही गं" म्हणत आलो होतो. इथे ते म्हणून सुटता येणार नव्हतं.

चार अकराला मी उठून पळालो. दार लावायचंही भान राहिलं नाही.

६

त्या दिवसापासून कुठलाही आवाज माझ्या कानाला नीट लागेना. शुक्रवारी वर्कशॉपमध्ये एक ड्रायव्हर म्हणाला, "मिस्त्री, जरा ऐका, काही नाही ना?" मी कान लावला. इंजिन ठीक होतं, पण त्याच्या मागोमाग एक ठोका उशिरा दुसरं काहीतरी चालत होतं. गाडी बंद केली. ते लगेच बंद झालं नाही. मी त्याला दुसरी गाडी घे म्हणालो. दुपारपर्यंत चार गाड्या उभ्या करून ठेवल्या होत्या आणि एकीतही काही सापडलं नाही.

घरी मी तिच्या मागेमागे फिरू लागलो. "दम लागतोय का? आज कमी जेवलीस. तो खोकला कसला?" पाठ फिरवली की तिला काहीतरी होईल असं वाटायचं. प्रत्येक वेळी विचारताना माझ्या मागे कोणीतरी उभं आहे हे कळायचं, आणि मी वळून बघायचो नाही. शुक्रवारी संध्याकाळी मी नवव्यांदा विचारलं, "दुखतंय का कुठे?" आणि माझ्या डोळ्यांदेखत तिचा हात काखेकडे गेला. कित्येक आठवड्यांनी गेला. तिनं तो मधेच थांबवून खाली घेतला, पण गेला. तिनं कणाकणानं उभं केलेलं मी दोन दिवसांत पाडत होतो.

शनिवारी रिपोर्ट आला. स्वच्छ. डॉक्टरांनी फोनवर तो शब्द दोनदा उच्चारला. लेकीनं आईला मिठी मारली, माझ्या पाठीवर थापा मारल्या, "बाबा, हसा की जरा!" म्हणाली आणि संध्याकाळच्या गाडीनं कामावर परत गेली. मी हसलो. पण स्वच्छ हा शब्द ऐकूनही माझा जीव भांड्यात पडला नाही. मनात एकच आलं, या वेळी स्वच्छ. पुढच्या वेळी?

रविवारी जेवणं झाल्यावर बायकोनं वही आणून माझ्यासमोर ठेवली. "हे काय?"

"बदली," मी म्हणालो. "तू नव्हतीस. ओळ कोरी होती."

"मी शुक्रवारीच बघितलं. म्हटलं, स्वतःहून सांगाल." तिनं बोट ठेवलं. "आगमन लिहिलंत. निर्गमन कुठाय?"

मी वही मिटू पाहिली, तिनं बोट हलवलं नाही.

"निघा म्हणालात?"

"नाही. पळालो मी."

तिनं वही स्वतःकडे ओढली. मग हळू म्हणाली, "अहो, गुरुवारी चारला मी तिकडे पॅसेजमध्ये बसले होते. नंबर यायचा होता. ओळ मी संध्याकाळी येऊन भरणार होते, पण आल्यावर थकून झोपले. माझी ड्यूटी मी तिथेच केली. ती आली होती, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती, चार वीसला गेलीसुद्धा. ती तर माझ्याजवळ होती." तिनं माझ्याकडे पाहिलं. "मग तुमच्याकडे कोण आलं?"

मी उठून गळका नळ आवळला.

"शुक्रवारपासून खोलीत दोघं आहेत," ती म्हणाली. "एक बसलेलं असतं. एक उभं."

७

पावणेचारला मी तिचा हात धरला. "आज जाऊ नकोस. खोलीला कुलूप घालू. उद्या तुला कामावर जायचंय."

"म्हणून तर आज जायला हवं. असं सोडून मी उद्या केबिनमध्ये बसू? आणि तुम्ही ते पाठीवर घेऊन पन्नास प्रवाशांच्या गाडीचे ब्रेक तपासणार?" तिनं माझा हात सोडवला, पण आधी जरा दाबला. "घाबरू नका असं मी म्हणणार नाही. मी स्वतः घाबरलेय. या पाहिजे तर दारापर्यंत."

ती आत गेली. त्या बाईचं वजन तेव्हा बेचाळीस किलो होतं, एका बाजूला छाती नव्हती, उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नव्हता. आणि ती अशी गेली की जणू फलाटावर दोन ड्रायव्हर भांडतायत आणि हिला मधे पडून गाडी सोडायची आहे. मी आयुष्यात तिच्याइतकं धीराचं माणूस पाहिलेलं नाही. मला तिचा अभिमान वाटला, आणि भीतीही वाटली, दोन्ही एकाच वेळी.

चार वाजले. वेत करकरला. मग जमिनीवर पाय बदलल्याचा आवाज, फार वेळ उभं राहिलेलं माणूस बदलतं तसा.

दार थोडं उघडं होतं. मी डोळा लावला. बायको पाठमोरी, ताठ. समोरच्या खुर्चीतलं तिच्या आड होतं, मला दिसलं नाही, आणि त्याबद्दल मी आजही समाधानी आहे. पण वेताच्या खुर्चीच्या पाठीवर एक हात होता. मागून कोणीतरी ती धरून उभं होतं. बोटं पांढरी पडतील इतकी घट्ट. आणि नखांच्या कडांना काळं, कितीही घासलं तरी न निघणारं, ग्रीसचं.

मी चौकट धरून उभा होतो. त्या चौकटीवरच्या माझ्या हाताकडे मला बघवेना.

"अहो," बायकोनं मागे न वळता हाक मारली. आवाज किंचित कापरा होता, पण शब्द एकेक सुटे. "कोणाला असं ताटकळत उभं ठेवणं बरं नाही. दोन खुर्च्या आणा. एक तुम्हाला."

मला पळता आलं असतं. बाहेरचं दार उघडंच होतं. मी स्वयंपाकघरात गेलो, घडीच्या दोन लोखंडी खुर्च्या उचलल्या आणि आत घेऊन आलो. एक तिच्या डावीकडे मांडली, एक समोर वेताच्या खुर्चीशेजारी, डोळे फरशीवर ठेवून. तिच्या शेजारी बसलो. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, पण बघत होती समोर.

"विचारू दे त्याला काय विचारायचंय ते," ती म्हणाली. "तुम्ही रडलात तरी चालेल. चार वीसला निघा म्हणायचं, ते मात्र तुम्हीच म्हणायचं."

पलीकडच्या लोखंडी खुर्चीवर वजन पडलं. बायकोनं पेन उचललं आणि आगमनाच्या रकान्यात वेळ लिहिली.